सी आवृत्ती

"खा गं, तिर्झा! कोणी मेलंय का?" असं म्हणत गादने बुरेकासचा डबा तिच्यापुढे सरकवला, आणि म्हणता म्हणताच त्याने जीभ चावली.

 प्रयोगशाळेत कोणीतरी घाईने कॉफी ओतली आणि पुन्हा गलका सुरू झाला. आनंद होण्यासारखंच होतं. रविवारी लावलेला संगणक गुरुवार उजाडला तरी एकदाही थिजून बंद पडला नव्हता.

कारखान्यातून सुधारून येणाऱ्या प्रोसेसर चिपच्या प्रत्येक आवृत्तीला एक अक्षर असायचं. मागची 'बी' याच चाचणीत दुपारपर्यंत मान टाकायची. त्यांचा सहकारी एल्काना याने रचलेला भाग काढून, तिथे दुसऱ्याने केलेला घालून 'सी' बनवली होती. चिप ज्यावर बसते ते बोर्डही तिच्यासाठी नव्या आराखड्याचे घेतले होते. गादने ते आधीच्या आठवड्यात, 'सी' येण्यापूर्वीच, लावून, चालवून ठेवले होते. रविवारी तो राखीव सैनिकांच्या हजेरीला गेला, तेव्हा नाखशोनने हौसेने स्वतःच चाचणी सुरू केली.

नाखशोन त्यांचा प्रमुख. तो तिर्झाजवळ येऊन खुर्चीच्या पाठीला टेकला.

"मला काय, चांगलं वाटतंय का? पण बघ, दोष एल्कानाच्याच भागात होता. मी तेव्हाच म्हणत होतो."

"हो. म्हणत होतास."

"तूच एकटी त्याच्या बाजूने भांडलीस. मैत्रीण म्हणून ठीक आहे. आता निकाल लिही आणि पाठवून दे."

भांडली होती हे खरं. एल्काना महिनोन्‌महिने एकच सांगत राहिला, माझ्या भागात चूक नाही. बैठकांत लोक त्याच्याकडे बघेनासे झाले. एकदा तो तिर्झाच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला होता, "बोर्डाचा वीजपुरवठा बघशील एकदा?" बोर्ड तिच्या गटाने केलेले होते. ती हसली होती. "माझ्या बोर्डांवर येऊ नकोस हं! तेवढं सोडून काय ते सांग." त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात कारमेल डोंगरावरच्या एका वळणावर त्याची गाडी वळलीच नाही. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. सात दिवसांच्या सुतकात घरी बसलेल्या त्याच्या बायकोचा, स्मादारचा, हात धरून तिर्झा म्हणाली होती, "नवी आवृत्ती येऊ दे. तीसुद्धा थिजेल. मग सगळ्यांना त्याची माफी मागावी लागेल."

आता स्मादारला सांगायला हवं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

ती गच्चीवर गेली. खाली हैफाच्या बंदरात जहाजं नांगरून पडली होती. स्मादारने लगेच फोन उचलला.

"थिजली का?"

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... चूक त्याचीच होती, स्मादार. मी तुला उगाच आशा लावली."

पलीकडे बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं. मग ते बंद झालं.

"तिर्झा, तुला एक सांगू? कोणाला सांगितलं नाही मी. त्या संध्याकाळी मीच म्हटलं त्याला, कर की कबूल. माणसाच्या हातून चूक होते. मीही कंटाळले होते गं. त्याने नुसतं बघितलं माझ्याकडे. म्हणाला, तूसुद्धा? किल्ली घेतली आणि गेला."

तिर्झाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोज वाटायचं, तो खरा असेल तर मीच मारलं त्याला. आज पहिल्यांदा..." स्मादार रडत होती, पण आवाज सैल झाला होता. "बरं केलंस सांगितलंस. आज झोप लागेल मला."

फोन ठेवून तिर्झा कठडा धरून उभी राहिली. इतके महिने तिच्याजवळ त्याच्यासाठी एक विश्वास तेवढा उरला होता. आता तोही गेला. नुसता मित्र मेला होता, तेव्हा एवढं रितं वाटलं नव्हतं.

ती खाली आली. निकाल लिहायला बसली. न थिजता पूर्ण. दोष आधीच्या आवृत्तीतील रचनेचा, हे सिद्ध. आवृत्तीच्या रकान्यात तिने 'सी' लिहिलं.

"झालं का?" नाखशोनने दारातून विचारलं. शुक्रवार-शनिवारच्या शब्बातच्या सुट्टीला निघायची त्याला घाई होती.

"झालंच."

चिपवरची अक्षरं थंड करणाऱ्या पंख्याखाली झाकलेली होती. तशी ती बघायची गरजही नसते. विचारलं, की चिप आपली आवृत्ती स्वतःच सांगते. खरं तर चाचणीच्या आधीच विचारायचं असतं. रविवारच्या उत्साहात ते राहून गेलं होतं. तिने चाचणी थांबवली आणि केवळ रीत म्हणून तो आदेश दिला.

नव्या बोर्डावरच्या चिपने पडद्यावर एकच अक्षर उमटवलं. बी.