टक् झालं की

"अजून एक पिळा दे."

बाबा मोटरसायकलच्या पलीकडे उकिडवे बसले होते. अलीकडे धाकटी फरशीवर आडवी होऊन इंजिनाखालचा तेलाचा बोल्ट बसवत होती. जुनं काळं तेल घमेल्यात निथळून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती याच गाडीवरून नव्या नोकरीच्या गावाला निघणार होती, एकटी. बाबांनी त्याला हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. नुसत्या सूचना चालल्या होत्या.

आई मागच्या दाराच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. चहा कधीच निवला होता.

"अजून एक पिळा" हे बाबांचं पालुपद. त्यांचा जन्म पाइप जोडण्यात गेला. कामावर त्यांना सगळे 'अजून-एक' म्हणायचे. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला आईला फडकं गुंडाळावं लागे आणि साखरेच्या बरणीसाठी शेजारणीला हाक मारावी लागे. धाकटी शाळेत असताना तिच्या बुटांच्या नाड्या त्यांनी बांधल्या, की संध्याकाळी कात्री शोधायची. माणूस वाईट नव्हता. काही गळता कामा नये, काही सुटता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

थोरल्याच्या गाडीचा बोल्टही त्यांनी असाच आवळून दिला होता. आतले आटे गेले, बोल्ट नुसताच गरगर फिरायला लागला, तेल फरशीभर झालं. मग शब्दाला शब्द लागला. कुणाशी बोलतोस, कधी येतोस, कुठे जातोस, सगळं निघालं. भांडण काही बोल्टावरून झालं नव्हतं, पण झालं बोल्टापाशीच. थोरला गेला तो गेला. फोन करायचा, पण आईला, आणि बाबा घरात नसताना.

"हे काय खेळणं आणलंयस?" बाबांनी विचारलं.

"टॉर्क रेंच. या मुठीवर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की पाना टक् करतो."

"वाजणारा पाना! मग मनगट कशाला दिलंय देवाने?"

"मनगट तुमचं आहे, बाबा. बोल्ट माझा आहे."

आईला हसू आलं. तिने ते कपात लपवलं.

पाना आणताना आई दुकानात बरोबर होती. दुकानदार चांगला हातभर लांबीचा पाना गळ्यात मारत होता. धाकटी म्हणाली, "तो चाकाच्या मोठ्या नटांना. माझे बोल्ट बारीक आहेत, कमी आकड्यांचा दाखवा." घरी आल्यावर तिने गाडीची पुस्तिका उघडून आकडा बघितला. बोल्ट सोडवला तो मात्र साध्याच पान्याने. हा फक्त आवळायला, म्हणाली.

आता तिने पाना बोल्टावर चढवला आणि थांबली. मग उठून बसली.

"घ्या, तुम्हीच आवळा. पण टक् झालं की थांबायचं."

आईने कप खाली ठेवला.

बाबा गुडघ्यांवर आले. मूठ धरली आणि हलकेच ओढली. बोल्ट थोडा फिरला. आणखी थोडा. मग आवाज झाला. टक्.

बाबांचा हात मुठीवर तसाच राहिला. दंडाची शीर ताठ झाली. हा हात आईच्या ओळखीचा होता. नळावर, बरणीवर, पोरांच्या मनगटावर, सगळीकडे तिने तो असाच पाहिला होता, त्या शेवटच्या पिळ्याच्या आधी.

"एवढ्यात झालं?"

"झालं."

"आणि गळलं तर?"

"गळलं तर पुसू, पुन्हा आवळू. आटे गेले तर काय करणार, बाबा?"

थोरल्याचं नाव कुणी काढलं नाही. बाबांनी पाना बोल्टावरून उतरवला.

"आता मूठ उलटी फिरवून सैल करून ठेवा," धाकटी म्हणाली. "ताणलेला ठेवला तर आतली स्प्रिंग बिघडते. मग त्याला थांबायचं कुठे, ते कळत नाही."

बाबांनी मूठ फिरवली. सावकाश, अगदी खालच्या आकड्यापर्यंत. मग धाकटीने इंजिनात नवं तेल ओतलं.

सकाळी धाकटीने हेल्मेट चढवलं. बाबा फाटकापाशी उभे होते. "सावकाश जा," म्हणाले. पुढचं आईला पाठ होतं. पोहोचलीस की फोन, मध्ये थांबलीस की फोन, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, आणि सगळ्यात शेवटी, अजूनही विचार कर. बाबांनी तोंड उघडलं. मग मिटलं. धाकटी क्षणभर वाट बघत राहिली, मग हसली आणि गाडीला किक मारली.

गाडी वळणाआड गेल्यावर बाबा घरामागे गेले. रात्रभर गाडीखाली त्यांनी एक जुना कागद पसरून ठेवला होता. तो उचलून उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कोरडा होता.

"अगं," ते म्हणाले, "थोरल्याचा नंबर तोच आहे ना?"

नंबर तोच होता. आईने लावून फोन त्यांच्या हातात दिला. घंटी बराच वेळ वाजली. पलीकडून आवाज आला तेव्हा बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "बरा आहेस ना?"

आणि थांबले.