पुरवठादार शेवंता

ओतीव भागातल्या दोषाचा माग काढत कंपनीची यंत्रणा आता थेट कामगाराच्या झोपेपर्यंत पोचली होती. झोप पुरवते बायको, म्हणून कागदोपत्री बायकोही पुरवठादार ठरली होती.

तातोबा पंपाच्या कारखान्यात ओतीव भाग हातोडीने ठोकून, आवाजावरून तडा ओळखायचा. गेल्या महिन्यात तडा गेलेले तीन नग त्याच्या हातून सुटले, आणि पुरवठादार तपासणाऱ्या कंपनीच्या इनामदारबाई त्याच्या घरी आल्या. तातोबाने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कारखान्यातल्यासारख्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. बायकोला, शेवंताला, गरम पाणी पाजून बजावलं होतं, "बाई जाईस्तोवर खोकू नगंस."

तिने दहा मिनिटं दम धरला. डोळ्यांत पाणी आलं, आणि मग खोकल्याची उबळ आलीच.

"रात्री किती वेळा येतो?" बाईंनी विचारलं.

शेवंताने तातोबाकडे बोट केलं. "मोजणारा तिथं बसलाय, त्यालाच इचारा."

बाईंनी शेवंताला नामंजूर केलं आणि तातोबाला कंपनीच्या वसतिगृहात जागा दिली. "वाईट वाटून घेऊ नका, वहिनी. पलीकडच्या कंपनीने तर सरसकट सगळ्याच बायका बंद केल्यात. आम्हालाही स्पर्धेत टिकायचंय."

"मग मी आता कुणाला पुरवू?"

फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

वसतिगृहातल्या पहिल्याच रात्री तातोबाला वर्षभरात लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली. सकाळी शेवंताचा फोन आला.

"झोप लागली का वं?"

"छ्या," तातोबा म्हणाला, "डोळ्याला डोळा न्हाई लागला."