हानेदाची चाळीस मिनिटं

वादळामुळे सगळी विमानं दोन दिवस बंद, हे कळताच वासंतीने दात्याच्या पेशींची शीतपेटी छातीशी धरली आणि नरिता विमानतळावरच्या लाउंजमध्ये विचारलं, "बाहेरच्या दोन दिवसांचे इथे आत किती तास होतात?"

"सहा तास," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "शहरातल्या दुसऱ्या विमानतळावर, हानेदाच्या लाउंजमध्ये, काळ आणखी सावकाश चालतो. तिथे चाळीसच मिनिटं."

पेटीतल्या पेशी आणखी बाराच तास टिकणार होत्या आणि पुण्याला पोचायलाच दहा तास लागणार होते. तिथल्या इस्पितळात तिच्या धाकट्या भावाच्या, निरंजनच्या हाडांतली मज्जा, या नव्या पेशींना जागा करायला, औषधांनी आधीच मारून टाकली होती. वासंतीने टॅक्सी केली आणि तासाभरात हानेदा गाठलं.

दार बंद होण्याआधी तिने भावजयीला फोन लावला. "केतकी, मी आत जातेय. माझी चाळीस मिनिटं म्हणजे तुमचे दोन दिवस. मधे फोन लागणार नाही."

"ताई, तोवर यांना काही..." केतकीला पुढे बोलवेना.

"त्याला सांग, मी निघालेय."

आत वासंतीने चहाला हातही लावला नाही. काचेबाहेर बघता बघता रात्र झाली, उजाडलं. पुन्हा अंधार पडला तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले.

दार उघडलं. फोनवर केतकीचे सव्वीस निरोप होते. वासंतीने शेवटचा लावला. आवाज निरंजनचा होता, अगदी खोल गेलेला.

"ताई, मी आहे अजून. तू ये."

पेटी उचलून ती विमानाकडे पळत सुटली.