सोमवार

दुकानातली वीज गेली म्हणून चष्मे बनवणारी ती भर दुपारीच घरी परतली. वडिलांचं वजन चार महिन्यांत नऊ किलोंनी उतरलं होतं. सगळ्या तपासण्या झाल्या, तरी डॉक्टरांच्या हाती काही लागलं नव्हतं. वडिलांना हल्ली आजचा वार कुठला तेही आठवत नसे. त्यांना एक वेळचं भरवायचं म्हटलं तरी तासभर मोडायचा, आणि ते काम दिवसा घरी असणाऱ्या तिच्या नवऱ्याकडे होतं.

वडील खिडकीपाशी डोळे मिटून बसले होते. ओठ पार सुकले होते.

"बाबा, जेवलात?"

"आज माझा सोमवार ना गं."

उभ्या जन्मात त्यांनी सोमवारचा उपवास मोडला नव्हता. तिने समजुतीने सांगितलं, "बाबा, आज गुरुवार आहे."

"असं कसं? जावईबापूंनीच तर सांगितलं."

"कधी सांगितलं?"

"सकाळी उठलो की तेच सांगतात. मला मेल्याला कुठलं लक्षात राहतंय."

तिने मागे वळून पाहिलं. नवरा दारात ताट घेऊन उभा होता. तोंडातला घास त्याला गिळवेना.

वडिलांनी तिचा हात ओढून तिला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाले, "त्यांना काही बोलू नकोस हं. ते आहेत म्हणून या वयातही माझा एक सोमवार चुकलेला नाही."