ओढ्यातली उतरंड

पहिल्या मोजणीत अबोलीने अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या त्या ओढ्यातले अडुसष्ट दगड उचलून पुन्हा तसेच ठेवले होते. सत्तावीस दगडांना खालून सॅलॅमँडरची, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराची, अंडी चिकटलेली होती. रेंजर म्हणाला होता, "दुसऱ्या मोजणीत असे निदान पंचवीस दगड भरले, तर हा भाग लोकांसाठी बंद करू. नाहीतर खुलाच राहील."

दुसऱ्या मोजणीला तिच्याबरोबर साताऱ्याहून आलेली आई होती. काठावर पर्यटकांनी फोटोसाठी दगडांची उतरंड रचलेली होती. त्यातल्या एका दगडाला वाळलेली अंडी होती.

"एवढं मोठं जंगल, आणि यांना ओढ्यातलेच दगड सापडतात!" अबोलीने चिडून उतरंड पाडली आणि ती मोजत वरच्या अंगाला गेली.

दुपारी अंड्यांचे सव्वीस दगड मोजून परतली, तर आईशेजारी नवी उतरंड उभी होती.

"कुणाचा नवस असा मोडू नये गं," आई म्हणाली. "मीही रचली, तुझ्या पीएचडीसाठी. पाच वर्षं रखडलीय, म्हणून ओढ्यातले पाच दगड."

अबोलीने पाचही दगड उलटून पाहिले. दोन दगडांवरची अंडी वाळली होती.

तिने वहीत लिहिलं : दुसरी मोजणी, चोवीस.