तन्मयीची पट्टी

डॉक्टर कुडतरकरांनी तन्मयीच्या दंडावरचे काळेनिळे डाग पुन्हा पाहिले आणि भिंतीवरच्या पडद्यावरचे आकडे बघून त्या पुरत्या गोंधळल्या. "कावीळ उतरलीय, पण हिच्या हाडांतली मज्जा रक्तच बनवेनाशी झालीय असं वाटतंय. काविळीनंतर क्वचित होतं असं. तेवढ्यासाठीच तर मनगटाला पट्टी बांधून घरी पाठवतो आम्ही. तिच्यातून रक्ताची खबर क्षणाक्षणाला इथं येते. आणि ती तर सांगतेय, रक्त उत्तम आहे!"

तन्मयीचे वडील हेरंब खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मुलीच्या गळ्यातली काविळीची माळ त्यांनी दवाखान्याच्या दारातच काढून खिशात कोंबली होती. माळ देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, ही अंगावर असेतो दुसरं काही बांधायचं नाही. पण पट्टी नुसती काढून ठेवली असती, तर दवाखान्यातून लगेच फोन आला असता.

"तुझी पट्टी कुठाय, बाळा?" डॉक्टरांचं आता कुठे तिच्या मनगटाकडे लक्ष गेलं.

तन्मयीने बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हरवली," ती म्हणाली.

हेरंबांच्या छातीत धडधडायला लागलं. त्यांनी शर्टाची बाही घट्ट ओढून धरली. तरी आतून पट्टीचा मायाळू आवाज आलाच, "तन्मयी, ठोके फार वाढलेत गं. घाबरू नकोस. बाबांना हाक मार."