अज्ञात वाहन, बोईसर रस्ता

“गाडी कोणाची होती, तेवढं सांगा येसूबाई. बाकी सगळं मी लिहितो.”

तहसील कचेरीतले रामनाथ चौकशीला सातपाटीच्या कोळीवाड्यात आले होते. साल नव्वद. बोईसरच्या रस्त्यावर एका गाडीनं माणूस चिरडला आणि पळ काढला. चेहरा उरला नव्हता. येसूबाईनं पायाच्या बोटांवरून लेक कमलाकांत ओळखला, असा पोलिसांचा शेरा होता. गाडी सापडली नाही तर सरकार भरपाई देतं. सापडली की सरकार हात आखडतं. मग मालकावर दावा लावा आणि कोर्टाचे उंबरे झिजवा.

यातली मेख रामनाथांना पाठ होती. मालक गुपचूप घरी येतो, हातावर काही ठेवतो, घरच्यांना गाडी आठवेनाशी होते. मग ते सरकारकडूनही घेतात. असे बरेच अर्ज त्यांनी उधळून लावले होते.

“मी नाय पाह्यली गाडी,” येसूबाई बोंबील वाळत घालता घालता म्हणाली. “मी हितं, गाडी तितं.”

“कोणी घरी येऊन गेलं? पांढऱ्या कपड्यातलं, गोड बोलणारं?”

“तुमीच आलाव पांढऱ्या कपड्यांत. गोड मातर नाय बोलत.”

शेजारणी फिसकन हसल्या. रामनाथही हसले, पण घरभर नजर फिरवून. नवं कौल नाही, नवं भांडं नाही. कोपऱ्यात सून हिरा, दिवस भरत आलेली, गळा मोकळा.

“भरपाई नाय झाली तं बाळंतपन कशावं काडू, भाऊसाहेब?” तिनं विचारलं.

रामनाथांनी वही मिटली. ते बोईसरला गेले. चहावाले, पंक्चरवाले, कारखान्यांच्या फाटकांवरचे वॉचमन, सगळ्यांना खोदून खोदून विचारलं.

“गाड़ी तो देखी नहीं, साब.”

गॅरेजांतही ठोकलेला एक टेम्पो दिसेना. सातपाटीत मालकाचा माणूस फिरकल्याचं कोणी सांगेना. शेवटी त्यांनी लिहिलं : वाहन अज्ञात, अर्ज खरा. मनातून त्यांना बरं वाटलं. एकदा तरी सरकारचा पैसा योग्य घरी चालला होता.

चेक द्यायला ते मुद्दाम स्वतः गेले. हिराच्या मांडीवर आता पोर होतं. तिनं अंगठा उठवला, चेक कनवटीला लावला आणि पहिल्यांदाच रडली.

येसूबाई त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला आली. मागोमाग आणखी तीन बाया, कपाळाला कुंकू लावलेल्या.

“भाऊसाहेब,” येसूबाई हळू आवाजात म्हणाली, “तुमी सगलं वलखून गप रायलाव, देव तुमाला काय कमी करनार नाय. कमलाकांतच्या बुडाल्या होडीवं या तिघींचे दादले पन होते. दर्यानं एकाचं बी मढं दिलं नाय. रस्त्यावं आनखी कोन बेवारशी गावला, तं आमाला निरोप धाडाल ना?”